मला सरळ निजव

यंदा थंडी बरी पडली आहे. मुंबईची थंडी ती केवढी! पण सकाळी गॅलरीच्या कठड्यावर हात ठेवला की लोखंड गार लागतं, नळाचं पाणी दातांत शिरतं, आणि गिरण्यांचा धूर वर जायचा कंटाळा करून चाळीच्या माथ्यावरच बसून राहतो. पौष लागला की मला अंगावर शाल घ्यावीशी वाटत नाही. थोडं कुडकुडत बसावंसं वाटतं. कुणी विचारलं तर म्हणते, सवय आहे.

शेजारच्या खोलीत नवी सून आली आहे, सुमन. लग्नानंतरची पहिली संक्रांत, तेव्हा हलव्याचे दागिने घरीच करायचे असा तिचा हट्ट. गॅलरीत शेगडी, शेगडीवर परात, परातीत तीळ, आणि ही पाची बोटांनी ते फिरवत बसलेली. काल मला हाक मारून म्हणाली, "मावशी, काटा येतच नाही हो. सगळे मेले टकले!"

"विस्तव कमी कर. पाक थेंबाथेंबानं घाल. हलव्याला घाई खपत नाही."

"मग या ना तुम्हीच बसायला. आमच्या सासूबाई सांगतात, तुमच्यासारखा हलवा चाळीत कुणाचा होत नसे."

"आता बोटं भाजतात गं," मी म्हटलं आणि आत आले.

खोटं बोलले. माझ्या बोटांना काही झालेलं नाही. साखर तापल्याचा वास आला की मला या खोलीत उभं राहवत नाही, एवढंच. दार लावून घेतलं, तरी वास यायचा तो आलाच.

पंचवीस वर्षं नायगावच्या शाळेत मी मुलींना निबंध शिकवते. 'माझा आवडता ऋतू' हा दरवर्षीचा. मुली पावसाळा लिहितात, वसंत लिहितात, थंडीवर लिहिणारी एखादीच. तिच्या वहीत माझी लाल पेन्सिल जरा जास्त वेळ थांबते. मी त्यांना सांगते, जे पाहिलं तेच लिहा, ऐकीव लिहू नका. स्वतः मात्र त्या एका पौषाबद्दल अवाक्षर लिहिलं नाही, बोलले नाही. आज लिहिते. ज्यांना ऐकून दुःख झालं असतं, ती माणसं आता राहिलेली नाहीत.

ह्यांचं नाव बाळकृष्ण. चाळीत सगळे बाळग्या म्हणायचे. मूळ मालवणकडचे, लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात. साचा म्हणजे माग. उंचीने बेताचे, छातीने रुंद, आणि तोंडाने अखंड चालू. मी सातवीची फायनल झालेली, मास्तरीण, म्हणून मला कौतुकाने आणि थोडं चिडवायला 'बाई' म्हणायचे. "बाई, आज वरणात मीठ घालायला विसरलात, पाच मार्क कापले." आम्हांला मूल नव्हतं. ती उणीव ते बोलून बोलून भरून काढत असावेत.

मागावर आडवा धागा घेऊन पळतो तो धोटा. त्यात सुताची नवी कांडी घातली की तिचा धागा धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावा लागतो. त्याला सुई नाही, हूक नाही. विणकर धोटा तोंडाशी नेतो, भोकाला ओठ लावतो आणि श्वास आत ओढतो. धागा सुळकन ओठांवर येतो. दिवसातून किती वेळा, त्याला गणती नाही. कापसाची पूड, खळीची आंबूस चव, आधीच्या पाळीवाल्याची थुंकी, सगळं त्या श्वासाबरोबर आत जातं. ह्यांची ओढ एका दमात धागा आणणारी. तिचा त्यांना तोरा होता.

एका श्रावणात घरी येऊन हसत म्हणाले, "आज धागाच येईना. तीन-तीनदा ओढतोय. शेजारच्या साच्यावरचा म्हणाला, बायकोचो मुको घेवन दमलंस काय रे बाळग्या?" मी लाजले. आम्ही दोघंही हसलो. आजार घरात शिरला तो असा, थट्टेच्या वाटेने.

मग जीभ जड झाली. 'र' उच्चारताना अडखळायचे. खात्यात कुणी तरी म्हटलं, सकाळीच लावून आलाय. जन्मात थेंब न घेतलेला माणूस, त्याला जॉबरने, खात्याच्या मुकादमाने, तोंडाचा वास घेऊन आत सोडलं. मग हातातून चहाची बशी निसटायला लागली. दंडाचं मांस कातडीखाली आपोआप थरथरायचं, उकळीच्या आधी पाणी थरथरतं तसं. नवरात्रात गिरणीतलं काम सुटलं.

परळच्या मोठ्या इस्पितळात त्यांना चार वेळा नेलं. चौथ्या वेळी डॉक्टरांनी मला एकटीला व्हरांड्यात बोलावलं. आजाराचं नाव इंग्रजीत सांगितलं, मोटर न्यूरॉन. मी मास्तरीण म्हणून कागदावर लिहूनही दिलं. म्हणाले, "स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत चालल्यात. औषध नाही. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहील." हे शेवटचं ते दिलासा दिल्यासारखं बोलले. मग निघताना म्हणाले, "एक लक्षात ठेवा. यापुढे त्यांना आडवं निजवू नका. छातीत जोर राहिलेला नाही. आडवे झाले की श्वास पुरणार नाही. बसवूनच ठेवा."

हे मी चाळीत कुणाला सांगितलं नाही. चाळीत आधीच क्षयाची कुजबुज होती; आमच्याकडचे कप वेगळे ठेवायला लागले होते. मी 'नसांचा अशक्तपणा आहे' एवढंच सांगत राहिले. माझा स्वभावच तसा. घरातलं घरात. त्या एका वाक्याची जबाबदारी सगळी माझ्या एकटीवर राहिली ती त्या स्वभावापायी. ते दुसऱ्या कुणाला माहीत असतं, तर पुढचं घडलं नसतं.

तेव्हा मुंबई कशी होती ते आज सुमनला सांगून खरं वाटत नाही. पहाटे गॅलरीखालून फेरी जायची. पुढचा ओरडायचा, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र", आणि मागचे सगळे, "झालाच पाहिजे!" चाळीतून बायका लाटणी हातात घेऊन प्रतिसाद द्यायच्या. ह्यांनी आधी प्रत्येक मोर्चात घसा फोडलेला. आता खाटेवर बसून, उशांना टेकून, ते आतून प्रतिसाद द्यायचे. दिवाळीत "झालाच पाहिजे" पुरतं यायचं, बोबडं, पण पुरतं. मग मध्ये श्वास घ्यावा लागायला लागला. "झालाच... पाहिजे." मार्गशीर्षात नुसतं "झालाच". बोलून माझ्याकडे बघायचे, आज कुठवर पोचलो ते बघितलंस ना, असे. मीही वर्गातल्या मुलीला म्हणावं तसं "शाब्बास" म्हणायची. मग "झा". ते एक अक्षर उच्चारून धापा टाकायचे.

आणि एके सकाळी फेरी आली, गेली, आणि हे काहीच बोलले नाहीत. मी चूल सोडून बघायला आले. तोंड भिंतीकडे.

"अहो, फेरी गेली."

मान हलली नाही. त्या दिवसापासून त्यांना बाहेरचं काही ऐकायचं नसे. दाढी करू द्यायचे नाहीत. पेजेचा चमचा ओठाशी नेला की ओठ मिटून घ्यायचे. चाळीतली माणसं यायची, "काय बाळग्या, कसा काय?" म्हणायची, आणि त्यांच्या डोळ्यांत एवढं ओझं असायचं की माणसं दोन मिनिटांत उठायची. मला वाटायचं, शरीर आजारी आहे ते समजतं. पण हा माणूस असा आतून दार लावून का घेतोय? मला ते माझ्यावरचं रुसणं वाटायचं. मन खचणं हासुद्धा आजाराचाच भाग असतो, हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्यात ते हसणं. त्या आजारात रडू आणि हसू ताब्यात राहत नाही. चाळीत तात्या होते, वयस्कर, भजनीमंडळाचे बुवा. कुणाचं लग्न असो की मयत, पुढे तात्या. बांबू कुठून आणायचा, दर्भ कसा ठेवायचा, सगळं त्यांना ठाऊक. एक दिवस ते येऊन बसले आणि सांगितलं की गावी त्यांची थोरली बहीण गेली. हे हसले. एकदा सुटलं ते थांबेना, खांदे गदगदताहेत, लाळ गळतेय.

"हसतस काय रे मेल्या?" तात्या उभेच राहिले. "माझी भयण गेली आणि तू हसतस?"

मग त्यांनी ह्यांच्या गालांवरून ओघळणारं पाणी पाहिलं. खाली बसले, आपल्या धोतराच्या सोग्याने ह्यांचं तोंड पुसलं, आणि म्हणाले, "हस बाबा, हस. म्हातारी पण तुझ्यासारखीच हसरी होती." तात्या असे होते. त्यांच्या हातून वाईट व्हावं असं त्यांच्या मनात कधी येणं शक्य नव्हतं. म्हणूनच लिहायला जड जातंय.

उशांचा टेका पुरेनासा झाला. घसरायचे, एका बाजूला कलंडायचे, हनुवटी छातीत रुतायची. मग मी एक युक्ती काढली. खाटेवर त्यांच्या पाठीला पाठ लावून बसायचं. माझे पाय भिंतीला, त्यांच्यापुढे गोधडीची वळकटी, आणि मध्ये आमच्या दोन पाठी. सकाळची शाळा करून मी यायची, तोवर जनाकाकी बसायची त्यांच्याजवळ. काकी समोरच्या खोलीतली विधवा, तोंडाची फटकळ. तिला मी 'बसलं की त्यांना बरं वाटतं' एवढंच सांगितलेलं. त्यानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत मी त्यांची भिंत. तशीच वह्या तपासायची, तशीच पेंगायची. त्यांचा श्वास मला कानांनी नव्हे, पाठीने ऐकू यायचा. बरगड्या थोड्या उघडायच्या, थांबायच्या, मिटायच्या. लाल पेन्सिल त्या तालावर हलायची. मुलींच्या वह्यांतल्या माझ्या बरोबरच्या खुणा त्या महिन्यांत सगळ्या वाकड्या आहेत.

अजूनही बसमध्ये पुढच्या बाकावरच्या माणसाच्या पाठीकडे माझी नजर जाते. सदरा वर-खाली होतोय ना ते मी बघते. माझा थांबा निघून जातो कधी कधी.

कार्तिकापासून पौषापर्यंत मी आडवी झाले नव्हते. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढे जे सांगायचं आहे त्यासाठी सांगते. आडवं होणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते तसं राहिल्याशिवाय कळत नाही. वर्गात खडू हातात धरून उभी असताना मला समोर मुली दिसायच्या नाहीत, फरशी दिसायची. गार, सपाट, लांबच लांब फरशी.

आणि हे म्हणायचे, "निजव." जीभ वळायची नाही, पण माझ्या कानांना कळायचं. "मला सरळ निजव."

पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी समजावलं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, डोळे मिटले, उघडले आणि पुन्हा तेच म्हणाले. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मागत होते. मग रोजचं झालं. मी शाळेतून आले, चपला काढल्या की पहिला शब्द तो. शब्द गेला तेव्हा डोळे. माझ्याकडे बघायचे, मग उशीकडे, मग परत माझ्याकडे.

मी काय करायची? सुरुवातीला रडायची. मग "असं बोलू नये" म्हणायची. मग ऐकूच आलं नाही असं दाखवायची. आणि एकदा, माझ्या पाठीतून कळ येत होती तेव्हा, मी म्हणाले, "तुमचं काय, तुम्ही सुटाल. मला उद्या चौथीची परीक्षा घ्यायची आहे." बोलले आणि त्यांचं तोंड पुसलं, जरा जोरातच. ओठाच्या कोपऱ्यावर लाल रेघ उठली. असे जोरातले हात आणखीही झाले. पेजेचा चमचा दातांवर आपटलेला आहे. हाकेकडे मुद्दाम उशिरा आलेली आहे. माणूस उलटून बोलू शकत नाही याचा राग येतो, आणि तो त्याच्यावरच निघतो.

संक्रांत झाली. त्या वर्षी मी हलवा करायला घेतला होता. का, तर सगळ्यांना दाखवायचं होतं की आमच्या घरात सगळं ठीक आहे. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू असतं, तोवर होईल, असं म्हणून रोज दुपारी ह्यांना दोन्हीकडून वळकट्यांत टेकवून थोडा थोडा. आणि रेडिओवर जाहीर झालं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार. लालबाग-परळ पेटलं. शाळा बंद, गिरण्या बंद, रस्त्यावर दगड आणि बुटांचे आवाज. संचारबंदी लागली.

त्या दुपारी नाक्यावर अश्रुधूर सोडला. धूर वाऱ्याबरोबर आमच्या गॅलरीत आला. मी शेगडीपाशी बसले होते. डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. चाळभर दारं आपटली. मीही दार, खिडकी सगळं लावलं, फटींत ओली फडकी कोंबली. आणि शेगडी आत घेतली. पेटत्या निखाऱ्यांची शेगडी, हलव्याच्या परातीसकट, मी त्या बंद खोलीत आणून ठेवली. वाया जाऊ नये म्हणून. काटा नुकता धरत होता.

थोड्याच वेळात हे घुसमटले. श्वास आत जाईना. ओठ जांभळे, कपाळावर घाम, डोळे बाहेर. माझ्या ओरडण्याने जनाकाकी आली, तिने बघितलं आणि तात्यांना हाक मारली. खोलीत पाचसहा माणसं झाली. डॉक्टरला कोण आणणार? खाली रस्त्यावर गोळी चालत होती.

तात्यांनी नाडी बघितली. मग त्यांनी माझ्याकडे न बघता, पण मायेने म्हटलं, "वयनी, आता वेळ काढू नको. बाळगो रवत नाय. भुयेर घेवया तेका. खाटल्यार जीव गेलो तर गती नाय."

आमच्यात मरणाऱ्याला जमिनीवर घेतात. भुईवर दर्भ, वर घोंगडी, माणसाला सरळ निजवायचं, तोंडात गंगा आणि तुळशीचं पान. ते झालं नाही तर त्याचं मरण अडतं म्हणतात. मी लहानपणापासून बघत आले होते. तात्यांना ठाऊक नव्हतं, काकीला ठाऊक नव्हतं, की या माणसाला आडवं करणं म्हणजेच त्याला मारणं. खोलीत बोलू शकणाऱ्यांपैकी ते एकटीला ठाऊक होतं, मला.

एकच शब्द पुरे होता. "बसवा."

चौघांनी खाटेवरून उचललं. मी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होते. निजवताना तात्यांनी ह्यांच्या डोक्याखाली स्वतःचा हात धरला होता, फरशी लागू नये म्हणून. घोंगडीवर सरळ निजवलं. पाय जुळवले. जनाकाकीने आपल्या देव्हाऱ्यातला गंगेचा गडू फोडून आणला. ह्यांचं पोट आत गेलं, छाती हललीच नाही. आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी गप्प राहिले.

मला बोलता येत नव्हतं असं नाही. घसा कोरडा पडला, वाचा बसली, असं लिहिलं तर ते ऐकीव होईल. मी गप्प राहायचं ठरवलं. मनात स्पष्ट आलं, हे रोज हेच मागत होते, मी देत नव्हते. आता दुसरे देताहेत. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं आलं, ते पहिल्याहून खरं होतं: हे झालं की मला आडवं होता येईल. परातीतली साखर करपायला लागली होती. तो वास मला येत होता. शेगडी उतरवायला हवी, असंही मनात आलं. किती वेळ गेला? एखादी आरती म्हणून होईल एवढा नाही, पण तिचं एक कडवं नक्की.

मग ह्यांनी माझ्यावरची नजर काढली. काढून तात्यांकडे वळवली. मानेला वळायचं बळ नव्हतं. डोळेच वळवले, अगदी कोपऱ्यापर्यंत, आणि तात्यांना ते डोळ्यांनी सांगायला लागले, मला उठवा, मला उठवा. तात्यांना कळेना. ते म्हणाले, "देवाचा नाव घे, बाळग्या."

मला कळलं. रोज 'निजव' म्हणणारा माणूस निजवल्यावर 'उठव' म्हणत होता. आणि ते माझ्याकडे मागून मिळायचं नाही, हे त्याने ओळखलं होतं. म्हणून तो परक्याकडे मागत होता. मी ओरडले, "बसवा त्यांना! आधी बसवा!" आणि माणसांना ढकलून मीच त्यांना काखेत धरून उचललं. प्रेमाने उचललं असं म्हणायला मला आवडलं असतं. मी लाजेने उचललं. चोरी करताना कुणी बघावं तशा लाजेने.

दार उघडलं, शेगडी कुणी तरी बाहेर नेली. धूर विरला होता. पाठीला पाठ लावून मी बसले, आणि हळूहळू त्या बरगड्या उघडायला लागल्या.

चाळीत बोभाटा झाला तो वेगळाच. तात्या दारोदार सांगत सुटले, "यमाच्या हातातसून ओढून हाडल्यान हो वयनीन. माका काय कळला नाय, पण तेका कळला. बायलमाणसाचा मन!" रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला मला मुद्दाम बोलावणं आलं. एरवी ज्यांनी कप वेगळे ठेवले होते त्या बायकांनी मला पाटावर बसवलं. एक नवी नवरी माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "तुमच्यासारखं सौभाग्य मागते." मी तिला आशीर्वाद दिला. वाण घेतलं, ओटी घेतली, कुंकू ठसठशीत लावून घेतलं. एका शब्दाने नाही म्हटलं नाही. त्या दुपारच्या गप्प राहण्यापेक्षा हे दुसरं गप्प राहणं मला अधिक वाईट वाटतं. त्यासाठी थकव्याचं कारण देता येत नाही.

त्या दुपारनंतर ह्यांनी 'निजव' कधी मागितलं नाही. उशीकडे बघितलं नाही. मी जवळ गेले, उशी सारखी करायला हात घातला, की ते माझ्या हातांकडे बघत राहायचे. घाबरून नव्हे. घाबरले असते तरी मला चाललं असतं. नवीन ठिकाणी पाण्यात पाय टाकण्याआधी माणूस तळ दिसतो का बघतो ना, तसं. बावीस वर्षांच्या संसारानंतर त्यांना माझा तळ बघावा लागत होता.

एकदा मी बोलायचा प्रयत्न केला. समोर बसून म्हटलं, "अहो, त्या दिवशी..." पुढे काय म्हणायचं ते मी शाळेतून येताना पाठ केलं होतं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं थकले असतील. संध्याकाळी पुन्हा म्हटलं, पुन्हा मिटले. ते क्षमा करत होते, की मला क्षमा मागूच देत नव्हते? शब्द नसलेल्या माणसाच्या मिटलेल्या डोळ्यांचं पान कुठल्या बाजूने वाचायचं? मी बारा-तेरा वर्षं दोन्ही बाजूंनी वाचून बघितलं आहे. ज्या दिवशी क्षमा वाचते त्या दिवशी मला स्वतःचा जास्त राग येतो.

फाल्गुनात, शिमग्याला चार दिवस असताना, ते गेले. दुपारची वेळ. मी पाठीला पाठ लावून वह्या तपासत होते. पंधराएक वह्या झाल्या असतील. पाठीमागे उघडणं-मिटणं चालू होतं, मला तसं जाणवत होतं. जनाकाकी दारातून आत आली, हातात पेजेची वाटी. तिने ह्यांच्याकडे बघितलं आणि वाटी खाली ठेवली.

"अगो," ती म्हणाली, "उठ आता. तो गेलोहा."

"नाही काकी, श्वास लागतोय मला पाठीला."

"तो तुझोच गो."

मग बायका जमल्या आणि बोलणं सुरू झालं. पाठ लावून बसली होती आणि कळलं नाही? बसल्या जागी गेला. तोंडात गंगेचा थेंब नाही, तुळस नाही. भुईसुद्धा दिली नाही बिचाऱ्याला. जनाकाकी तोंडावर म्हणाली, "पौषात घेतलेलो भुयेर तो तू उठवलंस. आता वेळेर भुय मिळाली नाय. काय मिळवलंस?" मी मान खाली घालून ऐकलं. चुकीच्या गोष्टीबद्दल का होईना, कुणी तरी मला बोल लावत होतं. मला ते बरं वाटलं.

तात्या आले. ह्यांचं अंग बसल्या ठेवणीत आखडायला लागलं होतं. तात्यांनी दोघांना हाताशी घेतलं, घोंगडी अंथरली, आणि ह्यांना खाली घेऊन गुडघे हलकेच दाबत सरळ करायला लागले. तेव्हा मी किंचाळले. "आडवं करू नका! तात्या, आडवं करू नका त्यांना, श्वास पुरत नाही!" मी त्यांचे हात धरले. बायकांनी मला मागे ओढलं. त्यांना वाटलं, दुःखाने डोकं फिरलं. तात्यांनी माझे हात सोडवले, दोन्ही हात आपल्या ओंजळीत धरले. त्यांचे डोळे भरले होते.

"वयनी," ते म्हणाले, "आता आडवो केलो म्हणान काय होवचा नाय तेका."

ह्यांना नेलं. जिन्यावरून उतरतानाचा 'सावकाश, सावकाश' ऐकू आला, मग तोही थांबला. बायकांनी खोली धुऊन काढली, खाट उचलून गॅलरीत उभी केली. खोली एवढी मोठी आहे हे मी विसरून गेले होते. बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, जे जे असतं ते झालं. मग जनाकाकीचा राग उतरला असावा. तिने ओल्या फरशीवर चटई टाकली आणि म्हणाली, "पड जरा. बसून बसून मेलंस."

मी पडले. आधी कुशीवर, मग पाठीवर. पाय लांब केले, ते मोरीच्या कट्ट्याला लागले. पाठीचा एकेक मणका जमिनीवर ठेवल्यासारखा खाली गेला. बायका भिंतीला लागून बसल्या होत्या, मला रडू फुटायची वाट बघत. मीही वाट बघत होते. आलं नाही. झोप आली. स्मशानातून माणसं परतली, दारात निखारा ठेवला, कडुलिंब चावला, तात्यांनी मला दोनदा हाक मारली, असं मागाहून कळलं. मला काही ऐकू आलं नाही. इतकी गाढ झोप मला त्याआधी लागली नव्हती, आणि त्यानंतरही कधी लागली नाही.